ना बारकी, ना मोठी

सांगलीत मे महिन्यात नाट्यशिबिर घ्यायचं म्हणजे उकाड्याशी कुस्ती. शाळेचा हॉल, तीन पंखे, त्यातला एक नुसताच आवाज करणारा, आणि चाळीस पोरं. गेल्या वर्षी तिसऱ्या दिवशी तासगावकडच्या एक बाई मुलीला घेऊन आल्या. मुलगी चौदाची, नववीत जाणारी. पायात उंच टाचेचे सँडल. ते तिच्या मामीचे होते हे मागाहून कळलं. मोठे होतात म्हणून बोटांशी वर्तमानपत्राच्या घड्या कोंबलेल्या. चालताना टाच सुटायची आणि फरशीवर टप्प असा आवाज यायचा. शिबिरातल्या पोरांना त्याचं हसू येत होतं, आणि त्यांना हसू येतंय हे तिलाही दिसत होतं.

आई म्हणाली, "बाई, ही बारकी असताना शिरेलीत होती. आता बारकी बी दिसत न्हाई, आन् मोटी बी दिसत न्हाई. मधीच अडकलीया बघा. तुमी जरा मोट्या रोलसाठी तयार करा हिला."

आठव्या वर्षी तिनं साताऱ्याकडं चित्रीकरण चाललेल्या एका मालिकेत नायिकेचं बालपण केलं होतं. सात महिने. मग लीप आला. मालिकावाल्यांचा हा शब्द आता आपल्या घराघरांत रुळलाय. कथेत दहा-बारा वर्षं उलटतात. नदीच्या घाटावर पाठमोरी उभी असलेली छोटी मान वळवते आणि मोठी होते. आपल्यासाठी ते फक्त मानेचं एक वळण. छोटीचं काम मात्र तिथंच संपतं, बऱ्याचदा दोन दिवस आधी सांगून. शाळेत पुढं दोन वर्षं मुलं तिला त्या पात्राच्या नावानं हाक मारत होती. आता मालिकांसाठी कलाकार गोळा करणाऱ्या एका कोऑर्डिनेटरचा फोन आला होता. फॉर्म मोबाईलवरच होता, आईनं मला दाखवला. त्यात शेजारी शेजारी दोन रकाने होते: वय, आणि स्क्रीन एज, म्हणजे पडद्यावर दिसायचं वय. पहिल्यात १४ होतं. दुसऱ्यात आईनं १८ ते २२ लिहिलं होतं. "त्यांनीच सांगितलं तसं लिवायला." फोटो आठ हवे होते, चार साडीतले आणि चार वेस्टर्न. शेवटी पालकांची सही.

त्या सहीपाशी मी थबकले. आपल्या कायद्याप्रमाणे अठरा पुरं होईपर्यंत माणूस अज्ञान. त्यानं केलेला करार करारच नव्हे, म्हणून सही आईबापाची लागते. म्हणजे ही पोर सही करायला अज्ञान आणि साडी नेसून चाळिशीच्या नायकासमोर लाजायला सज्ञान. एकाच फॉर्मवर, दोन बोटांच्या अंतरावर.

बालकलाकार मुलगी 'मोठी' कधी होते, या प्रश्नाकडं आपल्याकडं नेहमी करिअरचा प्रश्न म्हणून बघितलं जातं. हिला जमलं, तिला नाही जमलं. हिचं नशीब उघडलं, ती कुठं गायब झाली कुणास ठाऊक. माझं म्हणणं असं आहे, की जमलं-न जमलं हा हिशोब करण्याआधी घाई कुणाला असते ते बघावं. मुलगी वाढायची ती वाढतेच, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. मधली चार वर्षं गिळून टाकण्याची घाई मात्र आपल्याला असते. निर्मात्याला, घरच्यांना आणि बघणाऱ्यालाही.

ही घाई आजची नाही. 'नीलकमल' १९४७ चा, त्याची नायिका मधुबाला तेव्हा चौदा वर्षांची. त्याआधी ती बेबी मुमताज होती. नूतन म्हणजे आपल्या शोभना समर्थांची लेक. पंधराव्या वर्षी 'नगीना'त नायिका झाली आणि त्या चित्रपटाला प्रौढांसाठीचं प्रमाणपत्र मिळालं. आपल्याच चित्रपटाला गेलेल्या नूतनला दारावरच्या माणसानं वय कमी म्हणून आत सोडलं नाही, हा किस्सा आपण गंमत म्हणून सांगत आलोय. मला त्यातली गंमत कधी कळली नाही. पडद्यावर चालते, खुर्चीत चालत नाही, एवढाच त्याचा अर्थ होतो. श्रीदेवीचं तर आणखी पुढचं. १९७६ चा तमिळ 'मूण्ड्रु मुडिच्चु' आला तेव्हा ती तेरा वर्षांची होती. कमल हासन एकविसाचा, रजनीकांत पंचविसाचा. कथेत ती रजनीकांतच्या पात्राच्या बापाशी लग्न करून त्याची सावत्र आई होते. तेरा वर्षांची सावत्र आई! ती अलौकिक अभिनेत्री होती म्हणून ते पेललं, हे खरंच. पण अलौकिकाचा दाखला देऊन नियम ठरवायचा नसतो.

आणि ज्यांना पेललं नाही त्यांचं काय झालं, ते आपण विचारत नाही. 'बूट पॉलिश'मधली बेबी नाझ आठवते? १९५५ साली कान महोत्सवात त्या पोरीच्या कामाची खास दखल घेतली गेली होती. पुढं नायिका म्हणून तिचं बस्तान बसलं नाही, दुय्यम भूमिका वाट्याला आल्या. श्रीदेवी दक्षिणेतून हिंदीत आली तेव्हा सुरुवातीच्या काही चित्रपटांत तिला आवाज दिला तो नाझनं. एक बालकलाकार नायिका झाली आणि दुसरी तिचा आवाज. आमच्या इकडच्या बेबी शकुंतलांचं उदाहरण तर नावातच आहे. प्रभातच्या 'रामशास्त्री'त १९४४ साली त्या लहान होत्या, तेव्हाचं 'बेबी' पुढं नायिकेची कामं करतानाही नावामागून सुटलं नाही. लग्नानंतर त्या कोल्हापूरच्या झाल्या आणि पडद्यापासून दूर गेल्या. २०१५ मध्ये वारल्या तेव्हा त्र्याऐंशीच्या घरात होत्या. बातम्यांत तेव्हाही बेबीच.

मुलांचं काय होतं ते शेजारी ठेवून बघा. सचिन पिळगावकर 'हा माझा मार्ग एकला'मध्ये १९६३ साली, महेश कोठारे त्याच वर्षी 'छोटा जवान'मध्ये. दोघेही वाढले, दोघांचेही मधले अवघडलेले दिवस आले असणारच. ऐंशीच्या दशकात दोघे दिग्दर्शक होऊन कॅमेऱ्यामागं गेले आणि आपल्याला हवा तसा नायक आपणच उभा केला. त्यांच्याबद्दल माझ्या मनात कौतुकच आहे. पण त्याच पिढीतल्या बालकलाकार मुलींपुढं दोनच दारं दिसतात, एक नायिकेचं आणि एक घराचं. खुर्चीत बसून 'कॅमेरा' म्हणण्याचं तिसरं दार कुणी दाखवलं नाही. नंदाबाईंचंच बघा. वडील मास्टर विनायक १९४७ मध्ये गेले, घर चालवायला ती पोर कॅमेऱ्यासमोर उभी राहिली. वीस वर्षांची असताना 'छोटी बहन' आला आणि गाजला. मग कितीतरी दिवस इंडस्ट्रीला ती बहीण म्हणूनच हवी होती. बेबीतून सुटली ती बहिणीत सापडली.

आता सांगलीकडं येते, कारण या प्रश्नाचं मूळ मला इथंच दिसतं. हरिपूर म्हटलं की सांगलीकराला संगमेश्वराचं देऊळ आठवतं, हळदीची पेवं आठवतात आणि गोविंद बल्लाळ देवल आठवतात. हरिपूरच्या देवलांनी १८९९ मध्ये 'संगीत शारदा' रंगभूमीवर आणलं. म्हाताऱ्या भुजंगनाथाच्या गळ्यात कोवळी शारदा बांधायला निघालेला तिचा बाप, आणि ते जुळवून देणारा दलाल. आमच्याकडं पुष्कळांना अजून वाटतं, की बालविवाह रोखणारा शारदा कायदा या नाटकावरून आला. तसं नाही, तो हरबिलास सारडांच्या नावाचा, १९२९ चा. पण गैरसमज गोड आहे, आणि त्यामागं नाटकाची ताकद आहेच. त्या कायद्यानं मुलीच्या लग्नाचं वय किती ठरवलं होतं? चौदा. हा आकडा लक्षात ठेवा, पुढं परत येणार आहे.

याच जिल्ह्यातलं देवराष्ट्रे हे रमाबाई रानड्यांचं जन्मगाव. यशवंतराव चव्हाणांचंही. रमाबाईंचं लग्न १८७३ मध्ये झालं तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या, माधवराव तिशी ओलांडलेले. सासरचा उंबरठा ओलांडला त्या दिवशी मुलीची बाई झाली. तो खरा लीप. त्यांच्यावरची 'उंच माझा झोका' २०१२ मध्ये घरोघरी बघितली गेली. छोटी रमा तेजश्री वालावलकर, मोठी रमा स्पृहा जोशी. मालिकेनं निदान एवढं शहाणपण दाखवलं, की मोठी रमा खरोखरच मोठ्या अभिनेत्रीकडून करून घेतली. छोटीला पदर देऊन तिचीच मोठी केली नाही. लीपमुळं छोटीचं काम जातं याचं मला वाईट वाटतं हे वर सांगितलं. तरीही दोन्हींतलं एक निवडायचं झालं, तर मी लीप निवडीन.

कारण दुसरी तऱ्हाही आपण पाहिलीय. 'बालिका वधू' २००८ मध्ये सुरू झाली. बालविवाह कसा वाईट, हे त्यातल्या आनंदीचं काम करणाऱ्या अविका गोरनं आपल्याला रोज रात्री सांगितलं, आपणही डोळे पुसले. अविकाचा जन्म १९९७ चा. २०११ मध्ये 'ससुराल सिमर का' सुरू झाली. त्यात ती रोली झाली, आणि त्या रोलीचं लग्न झालं, संसार झाला, सासू-जावांचे डाव झाले. तेव्हा तिचं वय चौदाच्या आसपास. समोरचा नवरा तिच्याहून वयानं कितीतरी मोठा. बालविवाहाविरुद्ध रडवणारी मुलगी तीन वर्षांत त्याच वयात पडद्यावर बायको झाली, आणि आपण, ज्यांनी आनंदीसाठी डोळे पुसले होते, रिमोट बाजूला ठेवून ते बघत बसलो. मी स्वतः बघितलंय. सासूबाई बघायच्या, मी भाजी निवडत शेजारी बसायची. माझ्या तोंडून एकदा निघालं होतं, "किती पटकन मोठी झाली नाही ही!" कौतुकानं.

त्या वाक्यात सगळं आहे. ती झाली नव्हती, केली गेली होती.

आता कायदा. कायद्याच्या बाबतीत दोन गोष्टी मला कळल्या तेव्हा मी कपाळावर हात मारला. बालकामगार कायदा १९८६ चा, २०१६ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली. चौदा पुरी न झालेल्या मुलाला कामाला लावायचं नाही, हा त्याचा गाभा. दोन सवलती आहेत. एक घरच्या व्यवसायात शाळा सांभाळून हातभार, आणि दुसरी, चित्रपट-मालिका-जाहिरातीतला कलाकार. या दुसऱ्या सवलतीला २०१७ च्या नियमांनी बऱ्यापैकी कुंपण घातलंय. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग तीन तासांनंतर विश्रांती. लागोपाठ सत्तावीस दिवसांपेक्षा जास्त नाही. शाळा बुडवायची नाही. पाच मुलांमागं एक जबाबदार माणूस. ज्या जिल्ह्यात चित्रीकरण, तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी. आणि मुलाच्या कमाईतले निदान वीस टक्के त्याच्या नावानं राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेव, जी त्याला सज्ञान झाल्यावर मिळावी.

चांगले नियम आहेत. पाळले किती जातात हा वेगळा विषय. मुद्दा असा, की हे सगळं कुंपण 'बालका'भोवती आहे आणि बालक म्हणजे चौदा पुरी होईपर्यंत. वाढदिवसाचा केक कापला, की जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी गेली, सोबतचा माणूस गेला, वीस टक्क्यांची ठेव गेली. चौदा ते अठरा हा गट कायद्यात 'किशोरवयीन'. त्यांना धोक्याच्या धंद्यात लावायचं नाही, तास कमी ठेवायचे, रात्रीचं काम द्यायचं नाही, एवढं आहे. पण कलाकार म्हणून जी खास काळजी आठ वर्षांच्या मुलीची घेतली जाते, ती पंधराच्या मुलीची नाही. जिथं खरी भीती सुरू होते, तिथंच कुंपण संपतं. लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा २०१२ चा पॉक्सो कायदा अठरापर्यंत मूलच मानतो. म्हणजे सरकारलाही ठाऊक आहे, की पंधराची मुलगी मूल असते. कॅमेऱ्यासमोर तेवढं विसरायला होतं.

१९२९ मध्ये चौदा वर्षांची मुलगी लग्नाला चालत होती. आज चौदाव्या वर्षी ती बालकलाकार राहत नाही. आकडा तोच. देवल असते तर त्यांनी यावर एक पद नक्की लिहिलं असतं.

हा प्रश्न मुंबईचा आहे, आपला काय संबंध, असं कुणी म्हणेल. साताऱ्याकडं राहणाऱ्याला असं म्हणायची सोय राहिलेली नाही. वाईच्या घाटांवर, मेणवलीच्या वाड्यात हिंदीवाले कित्येक वर्षं येताहेत. 'स्वदेस'मधलं गाव तिथलंच. 'लागिरं झालं जी'नंतर तर मराठी मालिकांनी साताऱ्याची वाटच धरली. वाडा भाड्यानं जातो, शेत भाड्यानं जातं, जनरेटरवाला, जेवणवाला, गर्दीत उभं राहायला गावातली माणसं, सगळ्यांच्या हाती चार पैसे येतात. मला त्याचा आनंद आहे, साताऱ्या-सांगलीच्या बोलीला नायकाचा मान मिळाला त्याचा तर फारच. पण चित्रीकरण आपल्या जिल्ह्यात म्हणजे परवानगीचा कागदही आपल्याच जिल्हाधिकारी कार्यालयातला. मग पंधरा-सोळाच्या मुलींसाठी तसाच कागद मागायला सुरुवात आपल्याकडून का होऊ नये? राष्ट्रीय बालहक्क आयोगानं २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचनांचा जो मसुदा काढला, त्यात किशोरवयीनांचाही विचार होता. तेव्हा मी काही जगावेगळं मागत नाही. चौदावरचं कुंपण अठरापर्यंत सरकवा, एवढंच. ठेव, सोबतचा माणूस, परवानगी, शाळा. आणि त्यात एक ओळ घाला: अठरा पुरी न झालेल्या मुलीला तिच्या वयाहून मोठ्या बाईच्या, बायकोच्या, प्रेयसीच्या भूमिकेत उभं करायचं नाही.

या शेवटच्या ओळीवर माझे नाटकवाले मित्र उसळतात. एक जण म्हणाला, "मग 'सैराट' झालाच नसता." आक्षेप खरा आहे, म्हणून त्याला नीट उत्तर देते.

रिंकू राजगुरूचा जन्म २००१ चा, 'सैराट' आला एप्रिल २०१६ मध्ये. ती अकलूजची शाळकरी मुलगी. चित्रपट येण्याआधीच तिला राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष उल्लेख मिळाला होता. तिची आर्ची मला आजही मराठी पडद्यावरच्या सगळ्यांत जिवंत मुलींपैकी एक वाटते. पण तिथं गोष्टच कोवळ्या वयाची होती. आर्ची आणि परशा पोरसवदा आहेत म्हणून तर ते सगळं अंगावर येतं. चौदा-पंधराची मुलगी बावीसची आहे, असं तिथं कुणी आपल्याला पटवत नव्हतं. उत्तरार्धात ती आई होते, संसार करते, तिथं मी माझ्याच नियमात अडकते हे कबूल करते. तशा गोष्टीसाठी परवानगी देणाऱ्यानं पटकथा वाचावी, दिग्दर्शकाला बोलवावं, मुलीशी एकटीशी बोलावं आणि मग ठरवावं. नियम म्हणजे कुलूप नसतं, दारावर कुणीतरी बसलेलं असणं असतं.

आणि 'सैराट'नंतर काय झालं ते आठवा. ती मुलगी शाळेत नीट जाऊ शकेना, इतकी गर्दी. दहावीला बाहेरून बसली. निकाल लागला तेव्हा तिचे टक्के वर्तमानपत्रांत छापून आले. माझे, तुमचे टक्के कधी छापून आले होते? बारावीचेही आले. तिच्या पुढच्या मराठी चित्रपटाला, 'कागर'ला, २०१९ उजाडलं. मधे 'सैराट'चा कन्नड अवतार तेवढा झाला. तेवढ्या काळात 'आर्ची कुठं गेली', 'आर्ची जाड झाली', 'आर्ची बारीक झाली', यातलं काही म्हणायचं आपण बाकी ठेवलं नाही. सोळाची मुलगी जाड-बारीक होणारच. आपल्या घरातली होते तेव्हा आपण तिला दुधात हळद देतो.

दुसरा आक्षेप पोटाचा. घराला पैशांची गरज असते, हे मला कुणी शिकवायला नको. दीनानाथ मंगेशकरांचं बिऱ्हाड काही वर्षं आमच्या सांगलीतच होतं. १९४२ च्या एप्रिलमध्ये ते गेले आणि त्याच वर्षी तेराव्या वर्षाला टेकलेली लता 'पहिली मंगळागौर'मध्ये उभी राहिली. तिच्या भुवया जाड आहेत, कपाळावर केस पुढं आलेत, म्हणून ते कापायला, कोरायला लावले होते, हे लताबाईंनी पुढं मुलाखतींत सांगितलंय. घरी येऊन रडल्या होत्या. पैसे हवेच होते, त्यांनी कामं केलीच. पण अभिनय त्यांना कधी आवडला नाही, हेही त्या स्पष्ट सांगत. भुवया कोरण्यात कुणाला काही गैर वाटलं नसणार. माझ्या शिबिरातल्या त्या मुलीच्याही कोरलेल्या होत्या, नुकत्याच. भोवतीची कातडी अजून लाल होती. गरज आहे म्हणूनच कुंपण हवं, असं मला म्हणायचंय. ज्याच्या घरी गरज नाही त्याची मुलगी नाही म्हणू शकते.

तिसरा आक्षेप प्रेक्षकाच्या नावानं केला जातो: लोकांना असंच बघायचं असतं. हा मला सगळ्यांत पोकळ वाटतो, आणि सगळ्यांत लागतोही. मोबाईल उघडा. 'ओळखलंत का हिला? या गाजलेल्या मालिकेतली चिमुकली आता दिसते अशी.' 'बालकलाकार झाली इतकी ग्लॅमरस, फोटो बघून विश्वास बसणार नाही.' फोटो दोन: डावीकडं दोन वेण्या, उजवीकडं उघडा खांदा. खाली प्रतिक्रिया लिहिणारे बहुतेक मामा-काकाच्या वयाचे. डीपीला तुळजाभवानी किंवा शेतातला ट्रॅक्टर. त्यांनी लिहिलेलं इथं लिहिण्यासारखं नाही. मी त्या बातमीवर बोट ठेवलंय, तुम्हीही ठेवलं असेल. बोट ठेवलं की ती बातमी चालते, बातमी चालली की कोऑर्डिनेटर फॉर्ममध्ये दुसरा रकाना काढतो.

याला तोड आहे, आणि ती पटकथा लिहिणाऱ्यांच्या हातात आहे. पंधराची मुलगी पंधराचीच असलेल्या किती गोष्टी आपण लिहितो? आमच्या भागातल्या पंधराच्या मुलीचा दिवस मला पाठ आहे. पहाटे अकॅडमीत कबड्डीचा सराव, मग एसटीचा पास, मासिक पाळीत वर्गात उठून उभं राहायची भीती, ऊसतोडीला आलेल्या टोळीतली तिच्याएवढीच मुलगी आणि तिच्या कडेवरचं मूल, दहावीनंतर सायन्स की स्थळ यावर घरात चाललेली कुजबुज. पाच चित्रपट होतील यात. पण पडद्यावर ती एक तर नायिकेची धाकटी बहीण असते, नाहीतर नायिका. मधली कुणीच नसते. बालकलाकार मुलींना 'अवघड वयात काम मिळत नाही' असं म्हणतात. त्या वयासाठी काम लिहिलंच जात नाही, असं म्हणावं.

आणि उलटं करायला काय हरकत आहे, हेही मला कधी समजलं नाही. एकवीस-बाविशीची मुलगी सोळाची म्हणून उभी करा. नाटकात आम्ही आयुष्यभर हेच करतो. ज्या गावात विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये 'सीतास्वयंवर' केलं, जिथं पुढं पोरसवदा मुलांनी साड्या नेसून राण्या उभ्या केल्या, तिथल्या प्रेक्षकाला एवढी कल्पना करता येत नाही असं कोण म्हणेल? त्या नाटक कंपन्यांतल्या मुलांचाही आवाज फुटायचा, मिसरूड यायची. तोही असाच मधला काळ. त्यांनाही कंपन्यांनी जपलं असं म्हणायचं धाडस मी करणार नाही. पण 'आवाज फुटलाय, थोडा थांब' असं म्हणायची एक पद्धत तरी होती. मुलीचं शरीर बदलतं तेव्हा उलटंच होतं. थांब म्हणायच्या ऐवजी चल म्हणतात.

उर्मिला मातोंडकरचं उदाहरण लोक देतात. साताऱ्यात जन्मलेल्या डॉ. श्रीराम लागूंच्या 'झाकोळ'मध्ये ती छोटी होती, १९८३ च्या 'मासूम'मधली तर सगळ्यांना आठवते. नायिका म्हणूनही तिनं लवकरच सुरुवात केली, पण लोकांनी तिला खरं डोक्यावर घेतलं ते १९९५ मध्ये, 'रंगीला'त. तेव्हा ती एकवीस वर्षांची होती. बघा, थांबलं तरी चालतं, असं मला त्यातून वाचावंसं वाटतं. माझा मित्र म्हणतो, तू तुला हवं ते वाचतेस. असेल.

शिबिरात त्या मुलीला मी मोठ्या भूमिकेसाठी तयार केलं नाही. आई जरा नाराज झाली. एका प्रसंगात तिला नववीतल्या मुलीचंच काम दिलं, जिच्या बहिणीला बघायला पाहुणे आलेत आणि जिला पोह्याचा ट्रे घेऊन बाहेर जायचं नाहीये. पहिल्या दिवशी सँडल घालून आली. दुसऱ्या दिवशी अनवाणी. प्रसंगात तिनं ट्रे दारातच खाली ठेवला आणि बहिणीकडं बघून नुसती मान हलवली. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. हॉलमधली पोरं पहिल्यांदा हसली नाहीत.

जूनमध्ये आईचा फोन आला. "बाई, त्यो फारम भरला बरं का. वय चौदाच लिवलंय. दुसरा रकाना मोकळाच ठिवलाय. चालंल का?"

मी म्हटलं, ठेवा मोकळा.

तिकडून अजून काही कळलेलं नाही. सँडल मामीला परत गेलेत.